साइट वाचनालयाची, किल्ली कुणाकडे?

वाचनालयाचं नाव गूगलवर टाकलं की खाली जपानी अक्षरं दिसायला लागली. साइट उघडावी तर सगळं जिथल्या तिथे, तोच सरस्वतीचा फोटो आणि तीच व्याख्यानमालेची पत्रिका. पण गूगलच्या यादीत आमच्या पत्त्याखाली जपानी भाषेत बुटांच्या नि घड्याळांच्या जाहिराती. सचिवकाकांना त्यांच्या पुण्यातल्या नातवाने हे फोनवर दाखवलं. काका संध्याकाळी माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये आले. "बाई, आपण जपानले कधी पुस्तकं धाडली?"

वरुडकडच्या संत्रा पट्ट्यात माझी टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. सकाळी मराठी तीस-चाळीसच्या बॅचेस, दुपारी दाखले आणि अर्ज भरायला आलेल्यांची रांग, आणि उरल्या वेळात आसपासच्या काही संस्थांच्या वेबसाइट सांभाळणं. त्यात हे वाचनालय, एक शेतकरी उत्पादक कंपनी आणि एक कॉलेज. यातली एकही साइट मी बनवलेली नाही. बनवणारे निघून गेले, आणि गावात कॉम्प्युटरवाली बाई एकच म्हणून सगळं माझ्या गळ्यात पडलं.

जपानी जाहिरातींचा हा प्रकार जुनाच आहे. साइटमध्ये घुसायचं, बनावट पानांचा ढीग करायचा आणि तो फक्त गूगलच्या बॉटला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला, दाखवायचा. आपण उघडली की आपल्याला आपलीच साइट दिसते. वाट कुठून मिळाली तेही लवकरच कळलं. साइट वर्डप्रेसवरची, म्हणजे वेबसाइट बनवायच्या आणि चालवायच्या एका सॉफ्टवेअरवरची. विकत घ्यायची थीम, म्हणजे साइटच्या दिसण्याचा साचा, डिझायनरने कुठल्याशा साइटवरून फुकटात उतरवून टाकली होती. अशा चोरीच्या प्रतीत मागचं दार बरेचदा आधीच करून ठेवलेलं असतं. शिवाय सर्व्हरवर पीएचपी ७.४, वर्डप्रेस ज्यावर चालतं ते. त्याला २०२२ च्या नोव्हेंबरनंतर सुरक्षेचे अपडेटच नाहीत.

म्हणजे साफसफाई करायचीच होती. प्रश्न एवढाच की करून तिथेच राहायचं, की या निमित्ताने बिऱ्हाड हलवायचं. २०२४ ची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि वर्डप्रेसच्या घरात तेव्हा मोठं भांडण पेटलेलं होतं. ते नसतं तर मी थीम बदलून मोकळी झाले असते.

भांडण काय होतं ते सचिवकाकांना सांगावं लागलं, कारण ठराव त्यांना मांडायचा होता. वर्डप्रेस २००३ मध्ये सुरू झालं. बी२ नावाचं एक सॉफ्टवेअर मागे पडलं होतं. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी त्याचा कोड घेऊन वेगळी चूल मांडली. परवाना जीपीएल, म्हणजे कोड कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा, विकावासुद्धा. आज जगातल्या दर दहा वेबसाइटांपैकी चारहून अधिक त्यावर चालतात. कोड असा सगळ्यांचा असला, तरी अपडेट, प्लगिन (जादा सोयींचे जोड) आणि थीम येतात त्या वर्डप्रेस डॉट ओआरजी या एकाच पत्त्यावरून, आणि तो पत्ता मुलनवेग यांच्या हातात आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचं डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग (साइट ठेवायला सर्व्हर भाड्याने देणाऱ्या) कंपनीशी जाहीर वाजलं. कंपनी वर्डप्रेसच्या नावावर कमावते आणि परत काही देत नाही, असा त्यांचा आरोप. त्यांनी त्या कंपनीच्या सर्व्हरना अपडेटचा नळच बंद केला. ऑक्टोबरमध्ये त्याच कंपनीचं, वीस लाखांहून अधिक साइटवर असलेलं अॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स हे प्लगिन वर्डप्रेस डॉट ओआरजीने आपल्याकडे घेतलं आणि सिक्युअर कस्टम फील्ड्स या नावाने पुढे चालवलं. ज्यांचं अपडेट आपोआप होत होतं त्यांच्या साइटवर न विचारता मालक बदलला. डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या कोर्टाने तात्पुरता हुकूम देऊन कंपनीची वाट पुन्हा मोकळी करायला लावली.

काका बाजार समितीत संचालक राहिलेले. ऐकून म्हणाले, "म्हणजे काटा सगळ्यायचा, पण काट्याच्या खोलीची किल्ली एकाच्या खिशात." एवढं समजल्यावर पुढे मला फार बोलावं लागलं नाही.

आता कोण बरोबर यात मला पडायचं नाही. दोन्ही बाजूंना पैसा आहे. मला अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. उद्या कुठल्याही कारणाने आम्हाला तिथून निघावं लागलं, तर आमचा मजकूर हातात घेऊन निघता येईल का? ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला आहे, तेव्हा कागदावर उत्तर ‘हो’. प्रत्यक्षात काय, ते करून बघायला हे चांगलं निमित्त होतं.

पहिलीच ठेच सॉफ्टवेअरच्या बाहेर लागली. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, वाचनालयाच्या नावावर नव्हतंच. डिझायनरने ते स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं. वाचनालयाने दरवर्षी पैसे दिले, पावत्या फाइलला आहेत, ऑडिटमध्ये आहेत, पण मालक तो. त्याचा नंबर बंद. शहरातलं दुकान उठलेलं. शेवटी आमच्या ग्रंथपाल मुलीने शोध लावला की त्याची सासुरवाडी अचलपूरकडची आहे आणि तिची मावशी त्याच गल्लीत राहते. वॉट्सअॅपवर चौथ्या-पाचव्या नातेवाइकामार्फत तो सापडला. माणूस वाईट नव्हता; पुण्याला नोकरी लागली आणि या सगळ्याचा त्याला विसर पडला होता. मागची थोडी बाकी आहे म्हणाला, ती दिली, आणि त्याने ट्रान्सफरचा कोड पाठवून दिला.

ज्यांचं डोमेन असंच दुसऱ्याकडे अडकलं असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट इथे सांगून ठेवते, कारण ती मला वेळेवर वाचायला मिळाली म्हणून निभावलं. आधी नाव बदलायचं आणि मग डोमेन दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं, असा क्रम मनात येतो. पण मालकाचं नाव बदललं की डॉट कॉम, डॉट ओआरजीसारख्या डोमेनला सहसा ६० दिवसांचं कुलूप लागतं. म्हणून आधी डोमेनचं कुलूप काढून, कोड घेऊन, ते आपल्या खात्यात आणायचं. जुन्या कंपनीला हरकत घ्यायला पाच दिवस असतात, तेवढे जाऊ द्यायचे. नाव नंतर बदलायचं.

मग मजकूर. वर्डप्रेसमध्ये एक्सपोर्टचं बटण आहे, ते दाबलं की एक्सएमएल फाइल उतरते. मी ती नोटपॅडमध्ये उघडली आणि कपाळाला हात लावला. निम्मी पानं पेज बिल्डरने बांधलेली. पेज बिल्डर म्हणजे माऊसने ओढून खोके मांडायचं प्लगिन. दिसायला सोपं, पण ते प्लगिन बंद केलं की मजकुराच्या जागी चौकटी कंसांची रांग उरते. रो सुरू, कॉलम सुरू, रंग अमुक, अंतर तमुक, मग एक ओळ मराठी, मग कॉलम बंद, रो बंद. आमच्या ग्रंथालय इतिहासाच्या पानात मजकुरापेक्षा कंस जास्त. परवाना जीपीएल असून आमचा मजकूर कैदेत होता, तो या कंसांच्या. हे काढायला मी एक छोटी स्क्रिप्ट केली आणि उरलेलं हाताने.

जुन्या पानांची गंमत वेगळी. सुरुवातीच्या काळातल्या नोंदी डेटाबेसमध्ये लॅटिन१ नावाच्या जुन्या पद्धतीत साठवलेल्या. साइटवर त्या नीट दिसत, कारण चुकीच्या पद्धतीने ठेवलेलं चुकीच्याच पद्धतीने वाचलं जात होतं. बाहेर काढल्या की बहुतेक मराठी अक्षरांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याला चिकटून चार टोकांचं ते चलनाचं चिन्ह, मग आणखी काहीतरी. ओळच्या ओळ तशीच. हे पाहून मजकूर गेला असं समजू नका. तो तिथेच असतो. त्या रकान्याचा प्रकार आधी बायनरी करायचा आणि मग युटीएफ८एमबी४, म्हणजे मराठी नीट मावणारी आजची पद्धत. मध्ये बायनरीचा थांबा घेतला नाही, तर डेटाबेस त्या कचऱ्याचंच शुद्ध रूपांतर करतो आणि मग खरंच पंचाईत होते. बॅकअपच्या प्रतीवर करायचं, हे सांगायला नकोच.

पत्त्यांचा घोळ मात्र मला आधी कळलाच नव्हता, कळला तेव्हा हसू आलं. व्याख्यानमालेची सगळी पानं एकाच नावाची आणि शेवटी नुसता २, ३, ४ आकडा. शीर्षकं तर स्पष्ट होती, ‘वसंत व्याख्यानमाला पुष्प पहिले’, ‘पुष्प दुसरे’ अशी. मग पहिले-दुसरे गेलं कुठे? वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा पत्ता करतं आणि त्या पत्त्याला डेटाबेसमध्ये २०० अक्षरांची जागा असते. इंग्रजीला ती भरपूर झाली. देवनागरीचं एक अक्षर मात्र तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन आकडे-अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका अक्षराला नऊ जागा, आणि काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडणारं हलन्त चिन्ह हे सगळं वेगळं मोजायचं. म्हणजे आपल्या वाट्याला बावीस अक्षरंही नीट नाहीत. मी कागदावर मोजलं. ‘वसंत व्याख्यानमाला पुष्प’ मधल्या दोन रेघांसकट बरोबर २०० होतं. पुढच्या पहिले-दुसऱ्याला जागाच नाही. सगळी पुष्पं एकाच पत्त्याला आली की वर्डप्रेस बिचारं शेवटी आकडा लावतं. वीस वर्षांत हे कुणाला बदलावंसं वाटलं नाही, कारण ज्यांना टोचतं ते कोड लिहिणाऱ्यांच्या बैठकीत बसत नाहीत.

तिसरा थर श्रीलिपी आणि शिवाजी फॉन्टच्या काळातला. पन्नाशीची स्मरणिका त्या फॉन्टमध्ये टाइप करून तशीच चिकटवलेली. फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर ती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात. माझ्या बॅचमधल्या इनस्क्रिप्ट (युनिकोड मराठीचा कीबोर्ड) येणाऱ्या दोन मुलींना सरावाचा उतारा म्हणून ती स्मरणिका दिली. परीक्षेतल्या रटाळ उताऱ्यांपेक्षा त्यांना ती आवडली. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर पहिलं अनुदान आलं तेव्हा कपाटं कुणी दिली, किल्ली कुणाकडे असायची, असलं सगळं त्यात आहे. दोघींची गती वाढली आणि माझं काम झालं.

मजकूर मोकळा झाला. आता ठेवायचा कुठे?

काकांचा पहिला प्रश्न, फेसबुक पेज आणि वॉट्सअॅप ग्रुप असताना साइट पाहिजेच कशाला. हा प्रश्न मला कार्यकारिणीच्या प्रत्येक बैठकीत कुणी ना कुणी विचारतं. ऑर्कुट २०१४ च्या सप्टेंबरमध्ये बंद झालं तेव्हा त्यावरच्या मराठी चर्चांचं काय झालं ते मी सांगितलं, पण ऑर्कुट कुणाला आठवेना. मग ताजं उदाहरण दिलं. गूगल बिझनेस प्रोफाइलवर दुकानांना फुकट तयार वेबसाइट मिळायची, ती गूगलने २०२४ च्या मार्चमध्ये बंद केली. हे लगेच पटलं, कारण बैठकीतल्या दोघांकडे तसली साइट होती. तयार बिल्डर कंपन्यांचंही तेच. महिन्याचे पैसे भरायचे, साइट छान दिसते, पण मांडणीसकट उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

ओपन सोर्समधले पर्याय मी एकेक करून लॅपटॉपवर टाकून पाहिले. जूमला चांगलं आहे. तेही २००५ मध्ये मॅम्बो नावाच्या सॉफ्टवेअरमधून मतभेदानंतर निघालं. पण आमच्या तालुक्यात ते येणारा माणूस मला माहीत नाही. ड्रुपलची नवी, सोपी केलेली आवृत्ती, ड्रुपल सीएमएस, १५ जानेवारी २०२५ ला आली. पाहिली, छान आहे, आमच्या स्वस्तातल्या होस्टिंगला जड आहे. क्लासिकप्रेस म्हणजे वर्डप्रेसचाच २०१८ मधला फाटा, ज्यांना ब्लॉकवाला नवा एडिटर नको होता त्यांनी काढलेला. पुढच्या दहा वर्षांसाठी तिथे जायला मन धजेना. घोस्ट मला मनापासून आवडलं. २०१३ पासून ते ना-नफा संस्थेकडे आहे, लिहायला इतकं स्वच्छ की लिहावंसं वाटतं. पण त्याला नोड नावाची प्रणाली चालणारा स्वतंत्र सर्व्हर लागतो, आणि त्याचा सगळा जीव ईमेलच्या वार्तापत्रात. आमच्या सभासदांचा ईमेल फक्त ओटीपी येण्यापुरता.

राहिलं ह्यूगो. हे २०१३ पासूनचं, गो भाषेतलं, स्थिर साइट बनवणारं सॉफ्टवेअर. डेटाबेस नाही, पीएचपी नाही, लॉगिनचं पान नाही. प्रत्येक लेख म्हणजे एक साधी मजकूर फाइल, मार्कडाउन नावाच्या साध्या खुणांच्या पद्धतीत. आज्ञा दिली की ते सगळ्या फाइलींवरून तयार एचटीएमएल पानं करून देतं, ती नेऊन टाकायची. घुसायला दारच नाही, त्यामुळे जपानी बुटांचा प्रश्न मिटतो. बॉटांचाही. अलीकडे एआय कंपन्यांचे बॉट सारखे येत राहतात. प्रत्येक भेटीला डेटाबेस उघडणारी साइट त्यांनी दमते, तयार पानाला काही होत नाही. मला सगळ्यात भावलं ते हे, की काम इंटरनेटशिवाय होतं. आमच्याकडे पावसाळ्यात नेट दिवसचे दिवस लंगडत असतं. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक क्लिकला सर्व्हर विचारावा लागतो. इथे दिवसभर लॅपटॉपवर लिहावं, पाहावं, आणि रात्री नेट आलं की एकदाच चढवावं.

साइट गिटहब या कोडच्या फाइली ठेवायच्या सेवेच्या ‘पेजेस’ सोयीवर ठेवली, फुकट. तिथे एका साइटला एक जीबीची मर्यादा आहे. स्मरणिकांच्या आणि हस्तलिखित अंकांच्या स्कॅन फाइली त्यात मावणाऱ्या नव्हत्या, त्या इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर चढवून साइटवरून जोडल्या. जुन्या पत्त्यांवरून नव्यावर नेणारी पानं ह्यूगो स्वतःच करून देतं; यादी तेवढी द्यावी लागते. आकडेवाल्या पुष्पांना वर्ष आणि क्रमांक घालून नवे, छोटे पत्ते दिले. अक्षरासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा ‘मुक्त’ फॉन्ट, तोही मुक्त परवान्यातला.

इथवर सगळं माझ्या हातातलं होतं. खरी परीक्षा ग्रंथपाल मुलीची. ती नवी पुस्तकं, कार्यक्रम, सुट्ट्या हे सगळं मोबाइलवरून टाकते. वाचनालयातला कॉम्प्युटर तपासणीच्या दिवशी चालू होतो. वर्डप्रेसचं अॅप तिला अंगवळणी पडलेलं. सुरुवातीला मी तिला गिटहबच्या साइटवर जाऊन फाइल कशी बदलायची ते दाखवलं. पहिल्याच आठवड्यात फोन. "ताई, मी सेव्ह तं केलं, पण दिसून नाही राह्यलं."

एरवी मिनिटभर थांबावं लागतं, पान तयार व्हायला. हे मात्र तासाभराने पण दिसेना. बघते तर बांधणीच अडलेली. तिने शीर्षक दिलं होतं, ‘बालवाचकांसाठी, विशेषत: मुलींसाठी ग्रंथभेट’. मोबाइलवर विसर्ग शोधत कोण बसतं, सगळे कोलन टाकतात. आणि फाइलच्या माथ्यावर जिथे शीर्षक लिहायचं, तिथे कोलन आणि त्यापुढे मोकळी जागा याचा अर्थ ‘डावीकडे नाव, उजवीकडे माहिती’ असा होतो. एका ओळीत असे दोन झाले की यंत्र हात वर करतं. शीर्षक अवतरण चिन्हांत घातलं की सुटतं, पण हे तिने का लक्षात ठेवावं?

म्हणून मग डेकॅप सीएमएस बसवलं. हेही ओपन सोर्स. ब्राउझरमध्ये साधा फॉर्म येतो, शीर्षक, तारीख, फोटो, मजकूर. अवतरण चिन्हं वगैरे ते आपलं आपण घालतं आणि फाइल गिटहबवर ठेवतं. कागदावर हे अर्ध्या तासाचं काम. पण गिटहबचं लॉगिन चालायला मध्ये एक छोटी सेवा कुठेतरी चालवावी लागते, आणि ते जोडताना माझा जीव मेटाकुटीला आला. स्थिर साइटांची जी भलामण चालते तिच्यात हा भाग एका ओळीत उरकलेला असतो. लिहिणारा आणि साइट बांधणारा एकच माणूस असेल तर ह्यूगोसारखं सुख नाही. दोघे वेगळे असले की मध्ये जे काही लागतं ते अजून कुणी नीट केलेलं नाही, आणि तेवढ्यापुरतं वर्डप्रेस आजही सगळ्यांच्या पुढे आहे.

शोधाचंही एक राहिलं. पेजफाइंड हे साइटवर शोधायचं साधन लावलं, चांगलं चालतं, पण ‘संत्रा’ शोधलं तर ‘संत्र्यावरील’ काही सापडत नाही, ‘कापूस’ शोधलं तर ‘कापसाचे’ नाही. जुन्या साइटवरही सापडत नव्हतंच. आम्ही प्रत्येक नोंदीखाली मूळ शब्दांची एक ओळ घालतो, झालं.

या सगळ्या उत्साहात मी उत्पादक कंपनीकडेही गेले. अध्यक्ष बागेत होते, आंबिया बहाराची तोड चालू. तिथेच उभ्याने म्हणाले, "मॅडम, माल झाडावर हाय. आता साइटले हात नका लावू." ते बरोबरच बोलले. आणि बहार उरकल्यावर शांतपणे पाहिलं तेव्हा मीच ठरवलं की ही साइट वर्डप्रेसवरच राहील. तिथे पेट्यांची ऑर्डर येते, वूकॉमर्स हे विक्रीचं प्लगिन आहे, भाव रोज बदलतात, आणि अध्यक्षांचा भाचा झाडाखाली बसून मोबाइलवरून ते बदलतो. शिवाय मी उद्या आजारी पडले, तर वर्डप्रेस येणारी दोन पोरं तरी या तालुक्यात मिळतील. ह्यूगो येणारं कुणी नाही. सॉफ्टवेअर निवडताना हे कुणी लिहीत नाही, पण आमच्याकडे पहिलं बघायचं ते हेच.

मात्र साइट होती तशी ठेवली नाही. पेज बिल्डर काढला. सगळी पानं ब्लॉकमध्ये केली. २०१८ च्या डिसेंबरमध्ये हा ब्लॉक एडिटर आला तेव्हा मीही नाकं मुरडली होती, पण आतून पाहिलं तर तो प्रामाणिक आहे. मजकूर साधा एचटीएमएलमध्येच राहतो, ब्लॉकच्या खुणा फक्त टिपणीसारख्या असतात. उद्या काहीही बंद पडलं तरी वाचता येतो. थीम वर्डप्रेससोबत येणारीच. प्लगिन मोजकी. बॅकअप रोज, आणि होस्टिंगच्या बाहेर.

पोरं म्हणतात, मॅडम आता एआयला सांगितलं की साइट करून देतं, तुम्ही हे काय करत बसता. देतं, मी पाहिलंय, दहा मिनिटांत देतं आणि बरी देतं. पण आमच्या तिन्ही साइटांत बनवणं हा कधीच अडथळा नव्हता. बनवणारा गेल्यावर पुढे काय, तिथे सगळं अडलं होतं. तिथे एआय डोमेनचा कोड आणून देत नाही.

वर्डप्रेस संपेल असं मला वाटत नाही. एवढा पसारा एका भांडणाने जात नसतो. पण चाल मंदावली होती हे खरं. जानेवारी २०२५ मध्ये मुलनवेग यांच्या ऑटोमॅटिक कंपनीने या कामाला देत असलेले तास कापून आठवड्याला ४५ वर आणले. एप्रिलमध्ये ६.८ आवृत्ती आली आणि वर्षभर दुसरी मोठी येणार नाही असं जाहीर झालं; मग कंपनी परत कामाला लागली आणि डिसेंबरमध्ये ६.९ आली. मला या सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती जूनमधली गोष्ट. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली फेअर नावाचा प्रकल्प सुरू झाला. प्लगिन आणि अपडेट एकाच पत्त्यावरून न येता अनेक ठिकाणांहून यावेत, अशी सोय करायला तो निघाला. तो रुळला तर काकांच्या काट्याच्या खोलीला दुसरं दार होईल. उत्पादक कंपनीच्या साइटवर तो लावायचा की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही. आणखी एक-दोन बहार जाऊ देणार आहे.

कार्यकारिणीने ठराव केला. डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर. पासवर्डचा बंद लिफाफा कोषाध्यक्षांच्या कपाटात. मजकुराच्या फाइलींची एक प्रत दर तीन महिन्यांनी पेनड्राइव्हवर, जमाखर्चाच्या वह्यांसोबत. ठरावात माझं नाव कुठेही नको असा मी आग्रह धरला, त्यावर अर्धा तास वाद झाला, शेवटी ‘तांत्रिक साहाय्यक’ एवढंच लिहिलं गेलं. होस्टिंगचा खर्च शून्य झाल्यामुळे तो हिशेबात कुठल्या शीर्षाखाली दाखवायचा हा प्रश्न आता लिपिकाला पडला आहे.

कॉलेजची साइट अजून बाकी आहे. ती ड्रुपल ७ वर, ज्याचा आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला. थेट नव्या ड्रुपलवर जाणं म्हणजे घर पाडून बांधणं. त्याच सातव्या आवृत्तीतून निघालेलं बॅकड्रॉप त्यामानाने जवळचं. प्राचार्यांना दोन्ही करून दाखवलं आहे. डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा, एवढंच त्यांना सांगून आले. ते बघताहेत.